झडती दिली नाही

इनामदारांच्या परसात केळीच्या आळ्याजवळ एक पाटी पालथी घातली होती. पाटीखाली पायाचा ठसा होता. रामोशीवाड्यातल्या सगळ्या बायका आणि पोरी त्या पाटीपुढे रांगेत उभ्या होत्या. एकेकीनं पुढं यायचं. गडी पाटी उचलायचा. तिनं ठशाशेजारच्या ओल्या मातीत पाय दाबायचा आणि बाजूला व्हायचं.

मी चौदावी होते. वय अकरा.

कारभाऱ्यांनी मला हात लावला नाही. काठीच्या टोकानं माझा घोटा ठशाजवळ सरकवला. वाकून पाहिलं. मग सरळ होत म्हणाले, "आज नाही बसत. पुढच्या वर्षी बसेल."

परसात जमलेली माणसं हसली. गडी हसला. ओसरीवर उभे असलेले इनामदार हसले. रांगेतल्या आमच्याच दोन बायका हसल्या, कारण हसलं नाही तर डोळ्यावर येतं. माझा बाप पाटीशेजारी उभा होता. तो हसला नाही. पण काही बोललाही नाही.

त्या दिवसाबद्दल मी पुष्कळ विचार केला आहे. कारभारी काय म्हणाले हे मला कधीच विसरता आलं नाही. पण खरं टोचतं ते बापाचं गप्प राहणं. कारण त्याला माहीत होतं.

काय माहीत होतं ते सांगते. त्याआधी आमचं काम सांगते.

विंझरच्या अलीकडे आमचं गाव. बाप गावचा रामोशी, म्हणजे राखणदार. गावात चोरी झाली की चोराचा माग काढणं हे त्याचं काम. पावलांचे ठसे बघत बघत तो शिवेपर्यंत जायचा. माग शिवेबाहेर गेला असेल तर तो पुढच्या गावच्या रामोशाच्या हवाली करायचा. त्यानं माग स्वीकारला की आमचं गाव मोकळं. मग चोर शोधणं त्याच्यावर, आणि चोर सापडला नाही तर भरपाईही त्याच्यावर. माग शिवेबाहेर काढता आला नाही तर भरपाई आमच्यावर. रीत अशी होती. कायद्याच्या पुस्तकात ती असो नसो, गावात चालायची.

बाप हे काम फार चांगलं करायचा. त्याला मुलगा नाही म्हणून तो मला घेऊन हिंडायचा. ओढ्याच्या काठाला बसवून ठसे दाखवायचा. "आधी लांबी बघ," म्हणायचा. "मंग भार कुठं पडलाय ते. मंग टाच. मंग बोटं. आन् ह्ये चार बघून होईस्तवर ह्यो कुनाचा पाय म्हनून इचार करायचा न्हाई. आधी नाव डोक्यात आलं की डोळं त्येच नाव बगत्यात."

अक्षर न शिकलेल्या माणसाचं हे वाक्य. पुढं मी पुण्यात शिकले, शिकलेली माणसं पुष्कळ पाहिली, पण यापेक्षा सरळ विचार करायला मला कुणी शिकवलं नाही.

त्या सकाळी इनामदारांच्या सुनेची ठुशी गेली होती. भादवा होता, परसातली माती ओली होती, ठसा स्वच्छ उमटला होता. रांगेतून बाजूला झाल्यावर मीही तो पाहिला. रानात काम करणाऱ्या बाईची बोटं फाकलेली असतात. या ठशातली बोटं जुळलेली होती. आमच्या बायकांच्या टाचांना भेगा. ही टाच गुळगुळीत. अंगठ्याशेजारच्या बोटाखाली गोल खळगा होता, जाड जोडवं असलं की पडतो तसा. आमच्या वाड्यात तेवढं जाड जोडवं एकीच्याही पायात नव्हतं.

चौदा जणींचे पाय दाबून घ्यायची काही गरज नव्हती. एक नजर पुरेशी होती. बापानं ती नजर सगळ्यांच्या आधी टाकली होती.

दुपारी घरी आल्यावर मी म्हटलं, "बा, त्यो पाय आपल्यातला न्हाई."

"न्हाई."

"मंग कुनाचा?"

"उंबऱ्याच्या आतला हाय."

"मंग सांगितलं का न्हाईस?"

तो चिलीम भरत होता. भरता भरता थांबला. "सांगून ऱ्हायाचं कुठं, पोरी? त्यांच्याच गावात ना?"

एवढंच बोलून तो उठला आणि माग काढायला गेला. मी मागोमाग गेले. ठसे नव्हतेच. केळीच्या आळ्यापासून दहा पावलांवर ते परत घराच्या मागच्या दाराकडे वळले होते. पण बाप वाकून वाकून चालत राहिला, जणू काही दिसतंय. कारभाऱ्यांचा माणूस सोबत होता. ओढा, माळ, करवंदीची जाळी, आणि मग शीव. शिवेवर पलीकडच्या गावचा रामोशी बोलावून घेतला होता. तो माझा सख्खा मामा.

मामा हसत आला. मला बघून म्हणाला, "काय गं, माग काडाया शिकलीस व्हय? आता दाजींचं पोट पोरगीच भरनार."

बाप म्हणाला, "माग तुज्या हद्दीत गेलाय."

रीतीप्रमाणे मामानं वाकून पाहायला हवं होतं. निदान दहा पावलं आपल्या हद्दीत चालून ठसा आहे का ते बघायला हवं होतं. तो चांगला माग काढणारा होता, बापापेक्षाही चांगला, असं बापच म्हणायचा. पण त्यानं पाहिलं नाही. "दाजींनी काडलेला माग हाय," तो कारभाऱ्यांच्या माणसाला म्हणाला, "त्यात म्या काय बगायचं? घेतला म्हना."

घेतला.

मी तिथं उभी होते. मला बोलता आलं असतं. मी बोलले नाही. अकरा वर्षांची होते हे कारण आहे, पण ते पुरं कारण नाही. बापाला खोटं पाडायची भीती होती, आणि एक गोष्ट आणखी होती. संकट आमच्या घरावरून पुढं सरकलं याचं मला बरं वाटलं होतं. हे मी लिहून ठेवते आहे, कारण माणूस म्हणजे काय हे मला इनामदारांकडून जितकं कळलं तितकंच त्या दिवशी माझ्याकडूनही कळलं.

मामाला चावडीवर चार दिवस बसवून ठेवलं. मारलं. ठुशी नव्हतीच, तो कुठून देणार? गाय आणि सगळी शेरडं गेली, राखणीचा हक्क गेला. त्यानंतर मामी आणि तो गाव सोडून गेले. आई एकदा त्यांना शोधायला पुण्यापर्यंत जाऊन आली. सापडले नाहीत. आईनं बापाला शेवटपर्यंत काही विचारलं नाही. जेवायला मात्र ती त्याच्यासमोर पुन्हा कधी बसली नाही.

ठुशीचं काय झालं ते मला आजही माहीत नाही. सून माहेराला पाठवत असेल. ती तिचीच असेल. मला ठाऊक नाही, म्हणून मी सांगत नाही.

*

पुढची वर्षं थोडक्यात सांगते, कारण त्यात विशेष असं काही नाही. लग्न झालं. माझ्या अठराव्या वर्षी नवरा तापानं गेला. मूल नव्हतं. सासरनं परत पाठवलं. भोरला एका डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता, तिथं झाडलोटीला लागले. बाई कडक होत्या पण वागायला सरळ होत्या. मी उकळलेल्या वस्तू मांडताना कधी चुकत नाही हे त्यांनी पाहिलं. अक्षर शिकवलं. मग पुण्याला सुईणीच्या शिक्षणाला पाठवलं. परत आले ती दवाखान्याची सुईण म्हणून.

बाईंनी पहिल्या दिवशी एक वही दिली. म्हणाल्या, "जे दिसेल ते आधी लिहायचं. कारण काय असेल ते नंतर." मी त्यांच्याकडे बघतच राहिले. माझा बाप ओढ्याच्या काठाला हेच सांगत होता.

मी वहीच्या डाव्या पानावर दिसलेलं लिहायला लागले आणि उजव्या पानावर वाटलेलं. आधी फक्त बाळंतिणींबद्दल. मग सगळ्याच गोष्टींबद्दल. कुणाशी भांडण झालं की घरी येऊन दोन्ही पानं भरायची. पहिल्या वर्षी उजवं पान नेहमी डाव्याच्या तिप्पट व्हायचं. राग आला की माणूस पाहतो कमी आणि वाटून घेतो जास्त, हे मला माझ्याच अक्षरात दिसलं. हळूहळू उजवं पान आखडत गेलं. ही सवय कुणालाही लावून घेता येते. त्याला एक वही आणि पेन्सिल पुरते.

आणखी एक सवय लागली. पिशवीतल्या वस्तूंची यादी. कात्री, दोरा, ब्रश, साबण, औषधाची बाटली, दोन टॉवेल, फडकी, एप्रन, वही, पेन्सिल. घरात शिरताना मोजायच्या, निघताना मोजायच्या. बाई हसायच्या. "तू उद्या श्वासही मोजशील." मी म्हणायचे, "बाळाचा मोजतेच की."

बोलणंही सुधारलं. 'न्हाई'चं 'नाही' झालं, 'म्या'चं 'मी'. लोक 'सुईणबाई' म्हणायला लागले. मागच्या दारानं आत, मागच्या दारानं बाहेर, आणि मी गेल्यावर उंबऱ्यावर पाणी शिंपडलं जायचं. ते मी डाव्या पानावर लिहीत होते. उजव्या पानावर काही लिहीत नव्हते. मला वाटत होतं, काम चोख केलं की बाकीचं आपोआप होईल.

*

वकीलसाहेबांच्या घरी बोलावणं आलं तेव्हा मी तिशी ओलांडली होती. वकीलसाहेब सुधारक म्हणून ओळखले जात. सभेत बोलायचे, चांगलं बोलायचे. मी एकदा मागं उभी राहून ऐकलं होतं. त्यांच्या पत्नीचं पहिलंच बाळंतपण. पहाटे गेले ते दुपारी एकच्या सुमारास मुलगा झाला. पोरीनं माझं मनगट असं धरलं होतं की नखांच्या खुणा आठवडाभर राहिल्या. बाळ रडलं, वार पडली, रक्त थांबलं. सगळं नीट झालं.

वकीलसाहेब दारात घड्याळ घेऊन उभे होते, पत्रिकेसाठी वेळ टिपायला. बाळाला सोनं उगाळून मधातून चाटवायचं म्हणून त्यांनी बोटातली अंगठी काढून आईकडे दिली. आईंनी सहाणेवर मध घातला, अंगठी उगाळली, बाळाच्या ओठाला बोट लावलं. सगळ्यांची धावपळ चालली होती. कुणी गरम पाणी आणत होतं, कुणी साखर वाटत होतं. मी बाळंतिणीची फडकी बदलत होते.

अर्ध्या तासानं अंगठी सापडेना.

आईंनी आधी जमीन पाहिली, मग अंथरूण. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला ओळखीची होती.

"दार लावून घे," त्या लेकीला, वकीलसाहेबांच्या बहिणीला, म्हणाल्या. "हिची पिशवी बघा आधी."

मी पिशवी स्वतः उघडली. वस्तू चटईवर एकेक मांडल्या. अंगठी नव्हती. साबणाची वडी उलटी करून पाहिली, बाटली हलवून पाहिली. वहीची पानं झटकली.

"आता लुगडं सोड," आई म्हणाल्या.

मी वकीलसाहेबांकडे पाहिलं. ते अर्धवट लागलेल्या दाराबाहेर उभे होते, पाठ करून. पाठ केली म्हणजे मर्यादा पाळली, असं त्यांना वाटत असावं. "लवकर उरका," ते म्हणाले. "तिच्याच हिताचं आहे. संशय राहायला नको."

आई म्हणाल्या, "रामोशाची जात. हात जायचे तिथेच जाणार."

मी बाळंतिणीकडे पाहिलं. जिनं सात तास माझं मनगट सोडलं नव्हतं तिनं भिंतीकडे तोंड केलं.

मी खाली बसले. पेन्सिल उचलली. वहीचं डावं पान उघडलं आणि आधी अंगठीला हात लावणाऱ्यांची, मग खोलीत आलेल्यांची नावं क्रमानं लिहिली, शेवटी माझं. मग उठून वाचलं.

"पैले वकीलसाहेब. दुसऱ्या आईसाहेब. तिसऱ्या ताईसाहेब. चौथ्या शेजारच्या काकू, साखर घिऊन आल्या त्या. पाचवी पान्यावाली. सहावी मी. झडती होऊ द्या. पैल्या नावापासनं."

मला माझाच आवाज ऐकू आला. एवढी वर्षं घासून घासून केलेलं बोलणं गळून पडलं होतं. मी आमच्या वाड्यातलं बोलत होते. आणि ते मला लागत नव्हतं.

वकीलसाहेब वळले. "तू माझी झडती घेणार?"

"म्या कुनाचीच घेनार न्हाई. तुमची तुमी घ्या. सगळ्यांदेखत. तुमी कोट काडा, आईसाहेबांनी पदर झटकावा. सहाव्या नंबराला म्या लुगडं सोडते. एका शब्दानं काय म्हननार न्हाई."

"फार शिकलीस," आई म्हणाल्या.

"व्हय. तुमच्याच नातवाला सुखरूप काडण्याइतकी."

वकीलसाहेबांचा चेहरा मी नीट पाहिला, कारण तेव्हा मला खरंच कुतूहल होतं. राग आला होता, पण रागाआधी आणखी काही आलं होतं. ते क्षणभर विचारात पडले होते. अंगठी आधी आपणच काढून दिली, हे त्यांना आठवलं असावं. यादी बरोबर आहे हे त्यांना कळलं होतं. वकील माणूस, कळणारच. आणि कळल्यावर ते म्हणाले, "चालती हो."

मी वस्तू पिशवीत भरल्या. मोजल्या. पुढच्या दारानं बाहेर पडले. अंगणात शेजारपाजारचे लोक पेढ्यांसाठी जमले होते, म्हणून मला कुणी अडवलं नाही.

*

डॉक्टरीणबाईंना चिठ्ठी माझ्याआधी पोचली होती.

"झडती दिली असतीस तर पाच मिनिटांत विषय संपला असता," बाई म्हणाल्या.

"कुणाचा?"

त्यांनी चष्मा काढला. पुसला. "हे बघ, तू चोरी केली नाहीस हे मला माहीत आहे. पण दवाखान्याची जागा त्यांच्या चुलत्यांची आहे. तू दोन ओळी माफीच्या लिहून दे."

"चोरीबद्दल?"

"उद्धटपणाबद्दल."

मी लिहून दिलं नाही. बाईंनी त्या दिवशी विषय तिथंच सोडला. मला वाटलं, समजून घेतलं.

आठवडा झाला. वकीलसाहेबांची पाणी भरणारी बाई मला बाजारात भेटली. यादीतली पाचवी. इकडंतिकडं बघून म्हणाली, "अंगठी गावली, सुईनबाई. पाचवीच्या पूजेला सहाण काडली तर बुडाला चिकटल्याली. मधानं. आईसाहेबांनी सोता देव्हाऱ्यात ठिवल्याली सहाण."

"कुणाला सांगितलं त्यांनी?"

"कुनाला कशाला सांगत्यात? मला म्हनल्या, त्वांड उघडलंस तर बग."

तडक दवाखान्यात गेले. बाईंना सांगितलं. बाईंना आश्चर्य वाटलं नाही, आणि मला तिथंच सगळं समजलं.

"तुमास्नी म्हाईत हुतं."

"त्यांनी कळवलं होतं. योग्य वेळ बघून तुला सांगणार होते."

"मंग आता त्यांनी माफी मागायची."

बाई म्हणाल्या, "तुझ्या वतीनं मी माफीचं पत्र दिलंय. तिसऱ्या दिवशीच. तू इथं टिकावीस म्हणून."

"ते परत मागवा."

"गेलेलं पत्र परत येत नाही गं. अंगठी सापडली, तुझ्यावरचा आळ गेला. आता विषय वाढवू नकोस."

आळ गेला नव्हता. वकीलसाहेबांच्या कपाटात माझ्या नावाचं माफीपत्र होतं. न केलेल्या गोष्टीचं, मी न लिहिलेलं. आणि ते लिहिणारी बाई वाईट नव्हती. तिनं मला अक्षर दिलं होतं. मला वाईट माणसांची सवय होती. चांगल्या माणसांचं काय करायचं हे मला कुणी शिकवलं नव्हतं. माझ्यावर उपकार केलेल्या माणसाला माझ्या वतीनं वाकायचा हक्क मिळतो, असं तिला मनापासून वाटत होतं. माझा बापही चांगलाच माणूस होता.

त्याच दिवशी नोकरी सोडली. वह्या घेतल्या. कात्री माझी होती, ती घेतली. एप्रन दवाखान्याचा, तो घडी करून ठेवला.

*

गावी परतले तेव्हा कुणी पाठ थोपटेल असं वाटलं नव्हतं. पण जे ऐकलं तेही वाटलं नव्हतं. वाड्यातल्या बायका म्हणाल्या, "इतकी वर्सं आमी रोज झडत्या देतोय. तुज्या अंगाला काय सोनं लागलंय?" पुरुष म्हणाले, हिच्यामुळं आता आपल्यातल्या एकाही पोरीला भोरात कुणी कामाला घेणार नाही. ते खरं ठरलं. दोघी कामाला होत्या त्यांना पंधरा दिवसांत काढलं. त्यांच्या आया माझ्या दारावरून जाताना थुंकायच्या. मी त्यांना दोष देत नाही.

बाप म्हातारा झाला होता. म्हणाला, "दिली असतीस झडती तर काय साल निघाली असती?"

मी म्हणाले, "मामाची निघाली."

तो दोर वळत होता. वळत राहिला.

मी विचार करून एक गोष्ट ठरवली. कुठल्याही घरात बाळंतपणाला गेले तर उंबऱ्याबाहेर थांबून आधी बोलायचं: माझे हात मी तुमच्यासमोर साबणानं धुणार. काही हरवलं तर घरातल्या सगळ्यांची झडती होईल, त्यात माझी. माझ्या एकटीची होणार नाही. कबूल असेल तर आत येते.

गोरगरिबांच्या वस्त्यांवर हे ऐकून लोक हसायचे. "आमच्यात हरवायला हाय काय?" म्हणायचे आणि हात धरून आत न्यायचे. मोठ्या घरांतून बोलावणी कमी झाली, मग थांबली. वर्षाला जिथं सत्तर-ऐंशी बाळंतपणं करत होते तिथं पंधरा-वीस उरली.

एकदा किकवीच्या एका बागायतदाराची बैलगाडी आली. सून अडली होती. मूल आडवं होतं, गाडीवाल्यानं सांगितलं त्यावरून मला तसंच वाटलं. दारात पोचले. आतून तिचा आवाज येत होता. म्हातारा बागायतदार ओसरीवर होता. मी माझं बोलणं बोलले.

तो म्हणाला, "तू तीच व्हय? वकिलाच्या घरची? जाताना तुजी झडती घ्यावी लागंल."

"सगळ्यांची घ्या. माझी मी देते."

"माज्या घरात तू अटी घालनार?"

"बाबा, मूल आडवं हाय. वेळ घालवू नगा. व्हय म्हना."

"जा," तो म्हणाला. "तुज्यासारख्या पन्नास मिळतील."

मला आत जाता आलं असतं. 'घ्या बापडे झडती' एवढं म्हणायचं होतं. ते शब्द माझ्या तोंडात आले होते. मी म्हणाले नाही. गेलेही नाही. समोरच्या बाभळीखाली पिशवी मांडीवर घेऊन बसले. बोलावतील म्हणून. दोनदा ओसरीजवळ गेले, दोनदा विचारलं. त्यांनी गावातली म्हातारी आणली होती. तिला आडवं मूल फिरवता येत नव्हतं. मला येत होतं.

दिवस मावळायच्या आत आवाज थांबला. आई आणि मूल, दोघंही.

डाव्या पानावर ते सगळं लिहिलं आहे. बाभळीपासून ओसरीपर्यंतची पावलं लिहिली आहेत. चाळीस. उजव्या पानावर काय लिहायचं ते मला आजही कळलेलं नाही. म्हाताऱ्यानं मारलं, असं लिहिलं की खोटं वाटतं. मी मारलं, असं लिहिलं की तेही खोटं वाटतं. झोप लागत नाही. वाचणाऱ्यानं मला क्षमा करावी म्हणून मी हे लिहीत नाही.

पुढच्या आठवड्यात वरव्याकडून बोलावणं आलं. रस्ताभर मी स्वतःला विचारत होते, आता काय करशील? दारात पोचले. हात जोडले. तेच बोलले, एकही शब्द न बदलता. कारण बदलला असता तर त्या दिवशीही तो बदलता आला असता, आणि मग ती बाई माझ्या हट्टापायी मेली एवढंच उरलं असतं. आणि एकदा का मी एका दारात वाकले, की पुढच्या प्रत्येक दारात आमच्या पोरींना अडल्या बाईचं नाव घेऊन वाकवतील. लुगडं सोडायला लावणाऱ्याला नेहमीच काहीतरी मोठं कारण सापडतं.

उद्या विंझरच्या पलीकडच्या वस्तीवर जायचं आहे. पिशवी भरली आहे. दारात उभी राहीन, बोलेन. आत घेतलं तर हात धुऊन कामाला लागेन. नाही घेतलं तर बाहेर थांबेन, आणि आत जे होईल त्यातला अर्धा दोष माझ्या नावावर लिहीन.

अर्धाच. त्याहून जास्त नाही.